२१८२ वर एएम का नाही? मधला एच३ई विसरू नका

'संकटाची हाक साध्या एएमवरच ठेवायला हवी होती, कोणाच्याही रेडिओवर ऐकू आली असती' हे या चर्चेत आलेलं म्हणणं मला अर्धंच पटतं. २१८२ किलोहर्ट्झ ही जहाजांची संकटकाळी बोलायची फ्रिक्वेन्सी; तिच्यावर कितीतरी वर्षं एएमच होतं, म्हणजे साध्या मीडियम वेव्ह रेडिओची पद्धत. ते सोडताना मध्ये एक तडजोड झाली, तिचा उल्लेख इथे कोणी केला नाही: एच३ई. एएममध्ये कॅरियर म्हणजे मूळ लहर, आणि तिच्या दोन्ही बाजूंना आवाज वाहणाऱ्या पट्ट्या म्हणजे साइडबँड. एच३ईमध्ये साइडबँड एकच, पण कॅरियर पूर्ण ठेवलेला, म्हणून जुन्या एएम सेटवरही बोलणं कळायचं. आता वापरतात त्या जे३ई पद्धतीत साइडबँड एकच, पण कॅरियर दाबलेला असतो आणि ताकद आवाजाच्या कामी येते. बॅटरीवरच्या बोटीला तेच परवडतं. व्हीएचएफचा (जवळच्या अंतराच्या, खूप वरच्या फ्रिक्वेन्सीच्या रेडिओचा) संकटाचा चॅनल १६ वेगळा, तिथे एफएम.

आपल्या यवतमाळकडून २१८२ ऐकायची आशा दिवसा सोडाच. रात्री कधी नशीब लागलं तर लागलं, त्यातही उन्हाळ्यात विजांची खरखर. त्यापेक्षा ८२९१ आणि १२२९० किलोहर्ट्झ बघा, त्याही संकटकाळी बोलण्यासाठीच राखलेल्या आहेत. आणि मोड तपासा! ७ मेगाहर्ट्झवर हॅम मंडळी (हौशी रेडिओवाले) लोअर साइडबँडवर, म्हणजे कॅरियरच्या खालच्या पट्टीवर बोलतात, म्हणून आपले सेट बहुधा तिथेच अडकलेले असतात. जहाजं मात्र या सगळ्या फ्रिक्वेन्सींवर अप्परच वापरतात. लोअरवर ठेवलं तर बदक बोलल्यासारखं वाटतं, शब्द एक लागत नाही. बीएफओ (दाबलेल्या कॅरियरच्या जागी सेटमध्येच लहर तयार करणारा भाग) नसलेल्या साध्या ट्रान्झिस्टरवर तर प्रयत्नच करू नका. शेतावर ऐकणार असाल तर लाइन गेलेली वेळ धरा, मोटारपंपाच्या स्टार्टरची घरघर तेवढी वाचते.