उत्क्रांती थांबली का?

प्रश्न : शेती, औषधं आली, आता उत्क्रांती संपली असं ऐकतो. खरं का? माणसाचंही सांगा.

कपाशीकर : संपेल कशी? गुलाबी बोंडअळी बघा. बीटी कापूस (जिवाणूचं जनुक घातल्याने स्वतःच अळीमारक विष बनवणारा) २००२ साली आला, दोन जनुकांचा २००६ साली. गुजरातेत अळी आधी पहिल्या विषाला पुरून उरली, मग दुसऱ्यालाही. २०१७ ला विदर्भात बोंडं पोखरली. अळी काही शिकली नाही. मोजक्या अळ्यांत प्रतिकाराचं जनुक होतं. बाकीच्या मेल्या, या मोजक्यांचीच पिलावळ उरली. हीच उत्क्रांती.

बांधावरून : भर घालतो. हे जनुक आई-बाप दोघांकडून आलं तरच अळी बीटीवर तगते. म्हणून बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाणं असायचं. त्यावरचे पतंग प्रतिकारवाल्यांशी जुळले की पिल्लं बीटीवर मरणार. ती पुडी लावली कितींनी, सांगायला नको! वर फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी. अळीचं मुख्य खाणं कपाशीच, त्यामुळे निवड (प्रतिकारवाल्याच तगणं) अखंड चालते. डिसेंबरअखेर पऱ्हाट्या (कपाशीची झाडं) उपटा. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग ३ रात्री ८-८ पतंग आले की फवारणी.

प्रश्नकर्ता : आणि माणूस?

रक्तपेशी : सिकलसेल घ्या, रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. जनुकाची एक प्रत गंभीर मलेरियापासून वाचवते, दोन असल्या की आजार. म्हणून मलेरियाच्या पट्ट्यात, आपल्याकडे गडचिरोली-नंदुरबारकडे, ते टिकलं. मलेरिया हटला की फायदा संपतो. पण वाहक (एकच प्रत असलेले) ठणठणीत असल्याने जनुक ओसरायला कित्येक पिढ्या जातात. दोन्ही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता २५ टक्के. लग्नाआधी तपासणी करा ती यासाठीच.