आईला बाबांचे नाव आठवत नाही; तरी बाबा तिच्यापासून दूर होत नाहीत. याला काय म्हणावे?

प्रश्न : उत्तररात्र

माझे वडील ८४ वर्षांचे आहेत आणि आई ८१ वर्षांची. त्यांच्या लग्नाला ५८ वर्षे झाली. गेल्या चार वर्षांत अल्झायमरमुळे आईची स्मृती हळूहळू विरत गेली आणि आता तिला बाबांचे नावही आठवत नाही. कधी ती त्यांना आपला थोरला भाऊ समजते, तर कधी माझ्या कानाशी येऊन सांगते, की हे गृहस्थ फार चांगले आहेत, पण त्यांना घरी जायला उशीर होत असेल. बाबा ते ऐकतात आणि दर वेळी, जणू पहिल्यांदाच कोणी विचारले आहे अशा शांतपणे, "नाही, मला काही घाई नाही," असे उत्तर देतात.

माझी अडचण अशी, की बाबा कोणाचीही मदत स्वीकारत नाहीत. आई रात्रीतून तीन-चार वेळा उठते आणि तिच्याबरोबर तेही उठतात. गेल्या दोन महिन्यांत ते स्वतः दोनदा पडले. दिवसभरासाठी मदतनीस ठेवू असे सुचवले, तर "हात कोणाचा आहे ते तिला कळते," एवढेच बोलून ते विषय संपवतात. माझ्या भावाचे म्हणणे असे, की हे प्रेम नसून ५८ वर्षांची सवय आहे आणि ती मोडायची तर थोडे कठोर व्हावेच लागेल. मला ते पटले नाही, पण खोडूनही काढता आले नाही. आपल्याला न ओळखणाऱ्या माणसासाठी इतके झिजणे याला काय म्हणावे, आणि मी त्यात मध्ये पडावे की नाही? ज्यांनी हे जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर : मावळतीची वाट

आपल्या भावाने 'सवय' हा शब्द हलका समजून वापरला आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहिते. अर्धांगवायूच्या झटक्याने माझ्या यजमानांची वाचा गेली आणि पुढची सहा वर्षे मी त्यांची शुश्रूषा केली. उशीचा कोणता कोपरा दुमडला म्हणजे त्यांची मान अवघडत नाही, कोणत्या कानाशी बोलले तर त्यांना ऐकू येते, भुवई किंचित वर गेली तर ती वेदना आहे की नुसता कंटाळा, हे मला कोणी शिकवले नव्हते. चार दशके एका माणसाकडे पाहत राहिल्याने ते माझ्या अंगात मुरले होते. तरुणपणी आम्ही एकमेकांशी जे बोललो त्यातले बरेचसे मी आज विसरले आहे, पण त्यांच्या पावलांच्या आवाजावरून त्यांचा दिवस कसा गेला हे मला कळत असे. याला सवय म्हणायचे असेल तर माझी हरकत नाही. मात्र समोरच्या माणसाकडे रोज मनापासून लक्ष दिल्याशिवाय अशी सवय लागत नाही.

आता मदत नाकारण्याविषयी. परक्या हातांचा त्यांना संकोच वाटेल, असे मी सर्वांना सांगत असे. ते खोटे नव्हते, पण पूर्ण खरेही नव्हते. त्यामागे एक भीती होती, की उद्या हे सारे दुसऱ्या कोणाला जमले, तर त्यांच्यासाठी मी करावे असे काय उरणार? ही भीती मी कोणाजवळ बोलले नाही, कारण कोणी विचारलेच नाही. भेटणारा प्रत्येक जण माझे कौतुक करून जात होता. शेवटी माझी पाठ धरली आणि मला उठवेना, तेव्हा माझ्या मुलीने "आता विश्रांती घे" असे म्हणण्याऐवजी विचारले, "यातले कोणते काम तू कोणालाही देणार नाहीस?" मी सांगितले, की त्यांची दाढी करणे आणि नखे काढणे. ती दोन कामे अखेरपर्यंत माझ्याकडे राहिली आणि बाकीची मी हळूहळू सोडली. आपल्या वडिलांना हाच प्रश्न विचारून पाहावा.

उत्तर : मनोयात्री

मी ज्येष्ठांच्या मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करतो. 'हात कोणाचा आहे ते कळते' हे आपल्या वडिलांचे वाक्य केवळ भावनेच्या भरातले समजू नये. अल्झायमरमध्ये मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर बाधित होतो, त्यामुळे नुकतेच घडलेले प्रसंग आधी निसटतात, पुढे नावे आणि नातीही; पण ओळखीचा आवाज, स्पर्श किंवा जुन्या गाण्याची चाल यांना मिळणारा प्रतिसाद पुष्कळदा बराच काळ टिकून राहतो. आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना काही दुःखी व काही आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात आपण काय पाहिले हे रुग्ण बऱ्याच अंशी विसरले, पण त्यातून उमटलेली भावना मागे रेंगाळत राहिली. आपल्या आईला उत्तर कोणी दिले हे ती विसरत असेल. मात्र जाण्याची घाई नसलेल्या माणसाजवळ बसल्याची स्वस्थता तिच्यापाशी राहत असणार, असे मला वाटते.

तरीही त्यांचे दोनदा पडणे मला गंभीर वाटते. रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी ६६ ते ९६ वयाच्या व्यक्तींचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात जोडीदाराची काळजी घेणाऱ्या आणि त्याचा ताण सोसणाऱ्या व्यक्तींमध्ये चार वर्षांतील मृत्यूचा धोका, अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्के अधिक आढळला. ज्यांना काळजी घेताना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात तसा ठळक फरक दिसला नाही. म्हणून माझा सल्ला असा, की वडिलांना आईपासून दूर करू नका, त्यांच्यावरचा ताण दूर करा, आणि तो प्रामुख्याने रात्रीचा आहे. मदतनीस दिवसाऐवजी रात्री ठेवा. पहिले काही दिवस त्याला वडिलांच्या सोबतीनेच काम करू द्या, म्हणजे आईला तो हात अनोळखी राहणार नाही. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत मंद दिवा असू द्या. आई रात्री का उठते हे डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि त्याच भेटीत वडिलांची दृष्टी, तोल, रक्तदाब व चालू औषधेही तपासून घ्या. रुग्णाबरोबर येणाऱ्या वृद्ध जोडीदाराची तपासणी करायची असते हेच बहुतेक घरांत राहून जाते.

उत्तर : मध्यान्ह

मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. माझ्या आईने वडिलांसाठी नऊ वर्षे हेच सारे केले, पण त्याला निष्ठा असे कोणी म्हटले नाही, कारण तिने ते करणे सर्वांनी गृहीत धरले होते. वडील तिच्याशी आयुष्यभर फारसे प्रेमाने वागले नव्हते. तिने का केले, हे मी तिला कधी विचारले नाही आणि आता विचारता येत नाही. म्हणून दीर्घकाळ टिकलेला प्रत्येक संसार प्रेमानेच टिकला, असे मला म्हणवत नाही. आपले वडील हयात आहेत आणि बोलू शकतात. हे प्रेम की सवय, याचा निवाडा भावाने किंवा आम्ही करण्यापेक्षा त्यांनाच विचारलेले बरे.

उत्तर : अनुबंध

मदत घेतली म्हणजे निष्ठा उणावली, असे अनेकांना वाटते, म्हणून एक उदाहरण देतो. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि रोझलिन कार्टर यांचा विवाह जुलै १९४६ मध्ये झाला आणि ७७ वर्षे टिकला. आजारी माणसांची काळजी घेणाऱ्यांना आधार मिळावा म्हणून रोझलिन यांनी १९८७ मध्ये एक संस्था उभी केली होती. पुढे २०२३ मध्ये त्यांनाच स्मृतिभ्रंश झाल्याचे कुटुंबाने जाहीर केले. त्या वेळी जिमी कार्टर स्वतः अखेरच्या शुश्रूषेखाली घरीच होते, म्हणजे एकमेकांचे सारे करणे दोघांनाही शक्य नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रोझलिन गेल्या, तेव्हा ९९ वर्षांचे जिमी चाकांच्या खुर्चीतून त्यांच्या अंतिम प्रार्थनेला आले. दुसऱ्यांच्या हातांची मदत दोघांनाही लागली, पण त्यामुळे त्यांच्यातले काही कमी झाले, असे मला वाटत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर : उत्तररात्र

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. काल रात्री आई झोपल्यावर मी बाबांना विचारले, की यातले कोणते काम ते कोणालाही देणार नाहीत. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिचे केस विंचरणे. आणि उशीर होत असेल असे ती म्हणाली, की उत्तर मीच देणार." रात्रीसाठी मदतनीस ठेवायला त्यांनी पंधरा दिवसांपुरती संमती दिली आहे, अट एवढीच, की त्यांचे अंथरूण त्याच खोलीत राहील. भाऊ तेथेच बसला होता. तो काही बोलला नाही, पण आज सकाळी त्याने बाबांचा पलंग सरकवून आईच्या पलंगापासून हातभर अंतरावर आणून ठेवला.