वॉचमनच्या मुलीचं ऑपरेशन (सोसायटी ग्रुप, रविवार)

पाटील बी-२०३: परत वर्गणी? गणपती झाला, टाकी झाली, आता हे वॉचमनच्या मुलीचं ऑपरेशन. मुलगी बरी व्हावी असं मलाही वाटतं पण सरकारची ५ लाखांची योजना आहे ना, मग आपण कशाला मधे? आणि ही ऐच्छिक आहे का सक्तीची?

सेक्रेटरी: पाटील साहेब, हॉस्पिटलने ४० हजार डिपॉझिट मागितलंय. हृदयाला छिद्र आहे पोरीच्या.

कुलकर्णी काकू: चार वर्षांची आहे हो. रोज सोसायटीच्या गेटशी खेळते.

देशपांडे ताई ए-१०१: थांबा सगळे. डिपॉझिट कसलं? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार कॅशलेस असतात, पेशंटकडून पैसे घ्यायचेच नसतात. मी रिटायर होईपर्यंत सरकारी दवाखान्यात होते, हे रोज बघितलंय. तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटलात का कुणी?

सेक्रेटरी: भेटलो ताई. म्हणाला रेशनकार्डावर मुलीचं नाव नाही.

शिंदे सी-४०२: आणि कार्ड परभणीचं आहे ना त्याचं, इथे चालेल?

देशपांडे ताई: राज्यात कुठलंही चालतं. नाव नसेल तर जन्मदाखला आणि आईवडिलांपैकी एकासोबत फोटो लावायचा.

पाटील बी-२०३: ऐच्छिक का सक्तीची? उत्तर आलं नाही.

जोशी काका: ऐच्छिक हो! ज्यांचा मेंटेनन्स थकलाय त्यांनी तर अजिबात देऊ नका 😄

पाटील बी-२०३: काका, तो विषय कमिटीसमोर आहे, इथे नको.

शिंदे: टँकर कधी येणारे?

जोशी काका: पाटलांना विचारा 😂

देशपांडे ताई: अहो टँकर नंतर. छिद्र सापडलं कुठे? अंगणवाडीत ना? ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम, २०१३ पासून आहे, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासतात, ० ते १८ वर्षांपर्यंत, आणि हृदयाचं ऑपरेशन निघालं तर तेही त्यातूनच फुकट होतं. पैसे राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, केंद्र ६० टक्के, राज्य ४०. त्या टीमचा रेफर कागद आहे त्याच्याकडे, मीच वाचला, पिवळसर घडी करून खिशात ठेवलाय बिचाऱ्याने.

शिंदे: माझा मेव्हणा खाजगी हॉस्पिटलात बिलिंगला आहे, तो म्हणतो क्लेमचे पैसे महिनोन्महिने येत नाहीत म्हणून योजनेचे पेशंट टाळतात.

देशपांडे ताई: मग भांडण त्या थकबाकीसाठी करा. योजना जाहीर करायची आणि हॉस्पिटलचे पैसे अडकवायचे, मधल्यामधे पोरांचे हाल. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आहे, म्हणजे आपल्याला सुद्धा. उद्या आपल्या नातवंडांना लागली की मग कळेल.

पाटील बी-२०३: आम्ही टॅक्स भरतो त्यातूनच ना हे? मग वर्गणी म्हणजे दोनदा भरणं. मी एवढंच म्हणतोय.

देशपांडे ताई: तेच मीही म्हणतेय भाऊ. म्हणून वर्गणी थांबवा, ४० हजार भरू नका, आधी योजनेतून मंजुरी घ्या. पण त्याच्या औषध-पाण्याला, बायको तिथे राहील तिच्या जेवणाला पैसे लागतीलच, त्याला द्या.

कुलकर्णी काकू: डबा मी देईन.

पाटील बी-२०३: मी ५०० देतो. ऐच्छिक म्हणून. नोंद घ्यावी.

सेक्रेटरी: घेतली. उद्या ताई आणि मी जातोय, जन्मदाखला, कार्ड, रेफर कागद लागेल. झेरॉक्स कोणाकडे होईल का?

शिंदे: आमच्याकडे प्रिंटर आहे, रंगीत नाही.

देशपांडे ताई: चालेल. वर या, ९ च्या आत.