एकत्र शिकण्याबद्दल विद्यार्थी उत्सुक, अध्यापक मात्र थंड: दृष्टिकोन मोजावा कसा?

प्रश्न
मी फिजिओथेरपीची अध्यापिका असून वैद्यक, नर्सिंग, फार्मसी आणि फिजिओथेरपी या शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी एक सामाईक अभ्यासघटक आखते आहे. त्याआधी आंतरव्यावसायिक, म्हणजे वेगवेगळ्या आरोग्यशाखांमधील, सहकार्याविषयी विद्यार्थ्यांचा आणि अध्यापकांचा दृष्टिकोन तपासावा, असा विचार आहे. इतर शाखांसोबत शिकण्याची तयारी मोजणारी, पार्सेल आणि ब्लाय यांची १९९९ सालची १९ विधानांची प्रश्नावली दोन्ही गटांना द्यावी का? विद्यार्थी उत्सुक आहेत. सहकारी मात्र ‘वेळापत्रकात जागा नाही’ एवढे सांगून विषय संपवतात. ही अडचण म्हणायची की नकार?

पहिले उत्तर
ती प्रश्नावली विद्यार्थ्यांसाठी बेतलेली आहे. अध्यापकांना ती जशीच्या तशी देऊ नये. शिवाय, सहकार्याने रुग्णाचे भले होते या आशयाच्या विधानाला ‘असहमत’ म्हणणारा माणूस सापडणे कठीण. त्यामुळे गुण सुरुवातीलाच इतके वर जातात की नंतरचा बदल दिसायला वावच उरत नाही. अध्यापकांना मत विचारण्यापेक्षा, गेल्या सत्रात दुसऱ्या शाखेच्या अध्यापकासोबत आपण किती तास घेतले, हे विचारावे. उत्तर बहुधा शून्य येईल, पण ते खरे असेल.

दुसरे उत्तर
मी नर्सिंग शिकवते. एका संयुक्त सत्रात आमच्या विद्यार्थिनीने औषधाच्या मात्रेतील चूक अचूक दाखवली, तेव्हा सत्र घेणाऱ्या डॉक्टर अध्यापकांनी तिचे ऐकून घेतले आणि ‘बरोबर आहे का?’ असे शेजारच्या वैद्यकीय विद्यार्थ्याला विचारले. वाईट हेतू नव्हता, सवय होती. परंतु श्रेणी कोणाची वरची, हे त्या एका प्रश्नातून साऱ्या वर्गाला कळले. गटागटांतील पूर्वग्रह निव्वळ सहवासाने ओसरत नाहीत, त्यासाठी समान दर्जा, सामाईक उद्दिष्ट, परस्परसहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा लागतो, असे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडले होते. आपण बहुतेकदा फक्त सहवास घडवतो.

तिसरे उत्तर
वेळापत्रकाची सबब अगदीच खोटी नसते. चार शाखांच्या परीक्षा चार वेळांना असतात. म्हणूनच व्याख्यानांऐवजी वॉर्डपासून सुरुवात करावी. स्वीडनमधील लिंकोपिंग येथे १९९६ पासून विविध शाखांच्या विद्यार्थ्यांनी, अध्यापकांच्या देखरेखीखाली, मिळून वॉर्ड सांभाळण्याचा प्रयोग झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये केलेल्या आंतरव्यावसायिक शिक्षणाच्या व्याख्येत एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकणे अभिप्रेत आहे. व्याख्यानाच्या सभागृहात यांपैकी ‘सोबत’ तेवढे जमते, तेही शेजारी बसण्यापुरते.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. विद्यार्थ्यांना प्रश्नावली देईन, अध्यापकांच्या मात्र मुलाखती घेईन आणि संयुक्त सत्रांत कोणता प्रश्न कोणाला विचारला गेला, याची नोंद ठेवीन. त्या नोंदीत माझेही नाव असेल.