क्वांटम ग्रॅव्हिटीत संशोधन: बीएस्सीनंतर नेमकं काय करायचं?

कुणकेश्वर_७: टीवायबीएस्सी फिजिक्स, रत्नागिरी. पुढे क्वांटम ग्रॅव्हिटीत, म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम सिद्धांत जोडण्याच्या संशोधनात, जायचंय. कॉलेजात सापेक्षता विशेष सिद्धांतापर्यंतच आहे. कुठल्या परीक्षा द्याव्या, आतापासून काय करावं आणि यात पोट भरतं का? गोडगोड नको, स्पष्ट सांगा.

हर्णैकर: आधी परीक्षा. जॅम (एमएस्सी प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा) फेब्रुवारीत असते. तिच्यावर आयआयटीत एमएस्सी मिळते, आयआयएस्सीत इंटिग्रेटेड पीएच.डी.सुद्धा (एमएस्सी आणि पीएच.डी. एकत्र). मुंबईचं टीआयएफआर (मूलभूत संशोधनाची संस्था) स्वतःची परीक्षा घेतं. चेन्नईचं आयएमएस्सी (गणितीय विज्ञानाची संस्था) आणि बंगळुरूचं रामन इन्स्टिट्यूट जेस्ट या प्रवेशपरीक्षेचे गुण बघतात. या कशातच क्वांटम ग्रॅव्हिटी विचारत नाहीत. विचारतात ते यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व, क्वांटम, सांख्यिकीय भौतिकी. मुलाखतीत "लूप क्वांटम ग्रॅव्हिटी आवडते" (ही क्वांटम ग्रॅव्हिटीची एक शाखा) म्हणालास की पुढचा प्रश्न "गोलीय दोलकाचा लॅग्रांजियन लिही" असा यायचा (लॅग्रांजियन म्हणजे गतिज वजा स्थितिज ऊर्जा). तिथे फळ्यासमोर गाडी अडते.

आंबोळगड: सामान्य सापेक्षतेसाठी शॉन कॅरॉल यांच्या १९९७ च्या नोट्स आर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. पावसाळ्यात वीज गेली की नेटही जातं, तेव्हा मे महिन्यातच पीडीएफ उतरवून ठेव. वाचून "समजलं" म्हणू नकोस, ही कसोटी लाव: श्वार्झशिल्ड मेट्रिकपासून (न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवतीची भूमिती) निघून हाताने रीमान टेन्सरचा (वक्रतेचं माप) वर्ग काढ. G = c = 1 धरून (M वस्तुमान, r अंतर) उत्तर ४८M²/r⁶ यायला हवं. r = 2M घातलं की ३/(४M⁴), म्हणजे कृष्णविवराच्या सीमेवर, क्षितिजावर, काहीच फाटत नाही, फाटतं ते r = ० ला. उत्तर चुकलं तर बहुतेक वेळा क्रिस्टोफेलमधलं (मेट्रिकच्या विकलनांतून येणारी पदं) एखादं चिन्ह हरवलेलं असतं, किंवा दोन पुस्तकांची चिन्हं एकत्र केलेली असतात (मेट्रिकमधल्या काळ-अवकाशाच्या पदांची: एकाचं −+++, दुसऱ्याचं +−−−). वहीच्या पहिल्या पानावर आपली चिन्हपद्धत लिहून ठेवायची. नंतर सेजमॅथ या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये पडताळ, तेही फुकट आहे.

कुणकेश्वर_७: आणि क्वांटम फील्ड थिअरी (कण आणि क्षेत्रांचा क्वांटम सिद्धांत)? ती टाळून थेट लूप क्वांटम ग्रॅव्हिटीकडे गेलं तर?

आंबोळगड: नाही जमणार. प्रश्नच मुळात तिथून निघतो. नैसर्गिक एककांत G ला १/ऊर्जा² ची मिती आहे, त्यामुळे दर लूपमागे (गणितातली सुधारणेची एकेक पायरी; लूप क्वांटम ग्रॅव्हिटीतलं लूप वेगळं) (E/प्लँक ऊर्जा)² हा गुणक वाढतो. E म्हणजे प्रयोगाची ऊर्जा, प्लँक ऊर्जा म्हणजे जिथे गुरुत्वाचे क्वांटम परिणाम ठळक होतात ती. एलएचसीची (जिनिव्हाजवळचा कणत्वरक) ऊर्जा १३,६०० जीईव्ही, प्लँक ऊर्जा १.२२×१०¹⁹ जीईव्ही. भागून वर्ग कर: सुमारे १०⁻³⁰. म्हणून प्रयोगात काही दिसत नाही. उलट ऊर्जा प्लँकजवळ गेली की एकही पद सोडता येत नाही. शुद्ध गुरुत्वाकर्षण एका लूपला निभावतं, हे १९७४ साली हूफ्ट-वेल्टमन यांनी दाखवलं. दोन लूपला मात्र निस्तरता न येणारं अनंत उरतं, ते १९८५-८६ मध्ये गोरॉफ-साग्नोटी यांनी काढलं. हे हाताला लागल्याशिवाय १९८६ साली, लूप क्वांटम ग्रॅव्हिटीचा पाया घालताना, अभय अष्टेकरांनी सामान्य सापेक्षतेची चलं का बदलली ते कळणार नाही.

दाभोळ_खाडी: आता पोटाचं. जेआरएफ (पीएच.डी.ची संशोधन शिष्यवृत्ती) २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ (तिची वरची पायरी) ४२,०००, वर घरभाडं. पीएच.डी.ला पाचेक वर्षं धर. मग पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधनपद), एकेक दोन-तीन वर्षांचा, बहुधा परदेशात आणि एकाहून जास्त. त्या अर्जांचा हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर, सोबत तीन शिफारसपत्रं. पत्र लिहिणाऱ्याने तुझं गणित प्रत्यक्ष पाहिलेलं असावं. मोठ्या नावाचं कोरडं पत्र काही कामाचं नाही. कायम जागा फार थोड्या. मला विचारशील तर विषयापेक्षा मार्गदर्शक बघून संस्था निवड: त्यांचे मागचे विद्यार्थी आज कुठे आहेत ते आधी शोध.

हर्णैकर: एक जोड. पायथॉन आणि सांख्यिकी सोबत ठेव. हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडिया (गुरुत्वीय लहरींची वेधशाळा) होतंय, केंद्राची मंजुरी एप्रिल २०२३ मध्येच मिळालीय. गुरुत्वीय लहरींच्या विदेवर काम करणाऱ्यांना तिथे आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्रात वाव आहे. कृष्णविवरांचं तुझं गणित तिथेही चालतं.

कुणकेश्वर_७: जॅमचा अभ्यास चालू करतो. श्वार्झशिल्डचं उत्तर सध्या ३६M²/r⁶ येतंय.

आंबोळगड: एखाद्या घटकाची किंमत चुकली. t, r, θ, φ यांच्या सहा जोड्या, प्रत्येकीच्या वर्गाला ४ ने गुण: tr आणि θφ मध्ये २M/r³, उरलेल्या चार जोड्यांत M/r³. ४(४+४+१+१+१+१) = ४८. तुझ्याकडून बहुधा त्या चारांतली एकही जोडी सुटलेली नाही, तर कुठल्या तरी २M चा M झालाय.