चर्चा: टर्बो डिझेलला मोठा ऑइल पंप घ्यावा की मूळ मापाचाच?

मूळ मत (ट्रॉलरमालक, मिरकरवाडा, रत्नागिरी)

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत आमच्या ट्रॉलरचे सहा सिलिंडरचे टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा भरणारा पंखा) असलेले इंजिन उतरवून पूर्ण उघडले आहे. इंजिनाच्या भागांना तेल पोचवणारा ऑइल पंप झिजला असल्यामुळे तो बदलावा लागणारच आहे, आणि माझे मत असे आहे की मूळ मापाऐवजी लांब दात्यांच्या गिअरचा, म्हणजे दर फेऱ्याला जास्त तेल देणारा पंप बसवावा. पंप क्रँकवरून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून, फिरतो, त्यामुळे तो फेऱ्यांच्या हिशेबाने तेल देतो. इंजिनावर ओझे किती आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. जाळे ओढताना फेरे मध्यम असतात, पण ओझे जवळजवळ पूर्ण असते. टर्बो जोरात हवा भरत असतो, पिस्टनचे माथे तापलेले असतात आणि त्यांच्या खालून तेलाचे फवारे चालू असतात. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो, तो तेलाच्या थरावर तरंगतो आणि त्याच तेलाने थंडही होतो. ज्या वेळी तेलाची गरज सर्वांत जास्त असते, नेमके तेव्हाच पंप अर्ध्या जोमाने चालतो. मोठ्या पंपाचे जादा तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून, म्हणजे ठरलेल्या दाबाला उघडणाऱ्या झडपेतून, परत जाईल. त्यात थोडे डिझेल जास्त जळेल, एवढेच.

उत्तर (सागरी इंजिन मिस्त्री, मालवण)

मी याच्या विरोधात आहे. पंप फक्त तेल ढकलतो. दाब तयार होतो तो बेअरिंगच्या फटींमधून तेल वाहताना होणाऱ्या अडथळ्यामुळे. गरम इंजिन स्लोला असताना तेलदाबाचा काटा खाली बसत असेल, तर तेल कुठून निसटते आहे ते आधी शोधावे. आपल्या किनाऱ्यावर ऑइल कूलरला खारे पाणी असते, त्याच्या नळ्यांत गाळ आणि शिंपल्यांचे तुकडे अडकतात, कूलर तेल थंड करत नाही आणि १५ डब्ल्यू ४० या घट्टपणाचे तेल पाण्यासारखे पातळ होते. इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) गळत असेल तर डिझेल संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, उतरते. तेल मोजायची पट्टी काढून पाहिली तर पातळी वाढलेली दिसते आणि तेलाला डिझेलचा वास येतो. रिलीफ व्हॉल्व्हच्या बैठकीखाली धातूचा एक कण अडकला तरी दाब टिकत नाही. मोठा पंप बसवल्यावर या साऱ्या दुखण्यांवर पांघरूण पडते: काटा वर दिसतो आणि आत बेअरिंग झिजतच राहते.

शिवाय पूर्ण फेऱ्यांना सगळे जादा तेल रिलीफ व्हॉल्व्हवर येते, आणि त्याची वाट अरुंद असेल तर दाब ठरवलेल्या मर्यादेच्या वर जातो. फिल्टरवरचा ताण वाढून त्याचा बायपास (फिल्टर टाळून जाणारी वाट) उघडला, तर न गाळलेले तेल थेट बेअरिंगांना मिळते. टर्बोमधून तेल परत येते ते केवळ उताराने. परतीची नळी बारीक असेल तर तेल तुंबून एक्झॉस्टमध्ये शिरते, आणि मग निळ्या धुरासाठी मालक टर्बोला दोष देतात.

उत्तर (ऑटोमोबाइल विषयाचा शिक्षक, चिपळूण)

दोघांच्याही बोलण्यात एक महत्त्वाची गोष्ट सुटली आहे. आपल्याकडील पुष्कळ नौकांत मूळचे ट्रकचे इंजिन असते, आणि काहींना टर्बो नंतर जोडलेला असतो. बिगर-टर्बो इंजिनाच्या पंपाचे माप काढताना टर्बोची किंवा पिस्टनखालच्या फवाऱ्यांची गरज धरलेली नसते, त्यामुळे अशा इंजिनाला मोठा पंप लागू शकतो. मात्र तो बाजारात ‘हाय व्हॉल्यूम’ म्हणून मिळणारा नसावा. त्याच इंजिनाच्या टर्बो आवृत्तीसाठी कारखान्याने दिलेला असावा, आणि त्याच्या रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग व सक्शनची (संपमधून तेल ओढणारी) नळीही सोबत घ्यावी. जुन्या बारीक नळीवर मोठा पंप चढवला तर ओढ वाढून तेलात बुडबुडे होतात आणि गिअरचे दात खवले पडल्यासारखे झिजतात. इंजिन कारखान्यातूनच टर्बोचे आले असेल, तर माझे मत मालवणच्या मिस्त्रींच्या बाजूचे आहे.

उत्तर (तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, हर्णै)

पंप कोणताही घ्या, पण नौका डोलते हे विसरू नका. ट्रकचा संप सपाट रस्त्यासाठी केलेला असतो, तर आमच्याकडे इंजिन पंख्याच्या शाफ्टच्या उताराने बसते आणि उधाणात दोन्ही बाजूंना कलते. पंप मोठा असला की संप लवकर उपसला जातो, वर गेलेले तेल हळूहळू परत येते आणि सक्शनच्या जाळीला हवा लागते. काटा थरथरायला लागला की त्याचे कारण बहुधा हेच असते.

मूळ लेखकाचे प्रत्युत्तर

कूलर आणि इंजेक्टर यांबाबत मिस्त्रींशी माझा वाद नाही. दोन्ही कामे या बंदीत होणारच आहेत. आमचे इंजिन नंतर टर्बो जोडलेल्यांपैकी नाही, हेही सांगून ठेवतो. पण एक अडचण किनाऱ्यावरून दिसत नाही. ट्रकखाली झोपून संप उतरवता येतो. नौकेत इंजिन बैठकीवर घट्ट बसलेले असते आणि संपखाली हातही शिरत नाही. पंप कमी पडतो हे सप्टेंबरात कळले, तर अख्खे इंजिन उचलावे लागते आणि ऐन हंगाम बुडतो. म्हणून थोडी जादा ताकद आत्ताच घालून ठेवणे मला व्यवहाराचे वाटते.

उत्तर (मालवण)

इंजिन उचलण्याची अडचण मला पूर्ण मान्य आहे, पण जादा ताकद नेमकी कुठे मिळणार ते पाहा. जाळे ओढण्याच्या फेऱ्यांना काटा रिलीफ व्हॉल्व्हच्या दाबावर स्थिर असेल, तर जुना पंपही गरजेपेक्षा जास्त तेल देत आहे आणि उरलेले संपमध्ये परत जात आहे. तिथे मोठ्या पंपाने बेअरिंगला थेंबभरही जास्त मिळणार नाही. काटा त्याखाली असेल तरच पंपाचा विचार करावा, आणि तोही फटी मोजल्यावर. दर १००० फेऱ्यांना १० पौंड दाब हा वर्कशॉपमधला जुना ठोकताळा आहे. त्याहून इंजिनाच्या पुस्तकातल्या आकड्यावर जास्त भरवसा ठेवावा. तुमच्याकडे गेल्या हंगामातली नोंद आहे का, आणि ती विजेच्या मीटरची आहे की नळीच्या गेजची, म्हणजे नळीतून आलेल्या तेलाचा दाब थेट दाखवणाऱ्या काट्याची?

मूळ लेखक

नोंद विजेच्या मीटरची आहे, आणि ओढीच्या वेळी काटा रिलीफच्या आकड्याच्या बराच खाली असे. अर्थात तेव्हा पंप आणि बेअरिंग दोन्ही झिजलेले होते, त्यामुळे दोष कोणाच्या माथी मारायचा हे त्यावरून ठरत नाही, एवढे मी मान्य करतो. मोठ्या पंपाचे मत मात्र अजून सोडलेले नाही.

उत्तर (चिपळूण)

मग बेअरिंगच्या फटी पुस्तकातल्या मर्यादेत आणल्यावर मूळ मापाचा अस्सल पंप घ्या. बसवण्याआधी झाकण काढून, सरळ धारेची पट्टी आडवी ठेवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) गिअर आणि झाकण यांच्यातली फट मोजा. नकली पंपाची चोरी बहुधा तिथेच पकडली जाते. पंप कोरडा बसवू नका, आत तेल किंवा व्हॅसलिन भरा, आणि पहिल्यांदा डिझेल बंद ठेवून काटा उठेपर्यंत फक्त स्टार्टरने इंजिन फिरवा. नळीचे गेज मात्र या बंदीतच लावून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी याच प्रश्नावर अंदाजाने बोलावे लागणार नाही.