घटस्फोटानंतर एकट्याने लहान मुलं वाढवताना: तुमचे अनुभव लिहा

निकाल लागला तेव्हा लेक तीन वर्षांची होती. पोटगी, वकील यावर सांगणारे खूप भेटले. पण ताप आला की दर वेळी रजा कुठून आणायची, ‘बाबा कुठेय?’ला काय उत्तर द्यायचं, यावर सगळे गप्प. जे यातून गेलेत किंवा जाताहेत त्यांनी मोकळेपणाने लिहा. ‘जरा जुळवून घ्यायचं होतंस’ एवढं मात्र नको, ते घरबसल्या मिळतं.

ठाणेकरीण: पासपोर्टच्या अर्जात आईवडिलांपैकी एकाचं नाव पुरतं, डिसेंबर 2016 पासून. तरी ताब्याचा आदेश सोबत न्या, काउंटरवर हुज्जत टळते. शाळेत वर्गशिक्षिकेला आधीच गाठलं: फादर्स डेचं कार्ड माझा मुलगा आजोबांसाठी करेल. बाई समजूतदार निघाल्या, ऑफिसातले क्लार्क नाही.

दोन वेण्यांचा बाबा: दोन्ही मुली माझ्याकडे, नाशिकला. वेण्या शेजारच्या काकूंनी शिकवल्या. सुरुवातीला एक मानेवर, एक कानावर! स्वयंपाक येतोच. अडतं ते भलतीकडेच. वर्गातल्या आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी नाही, त्यामुळे वाढदिवस, डब्याचा बदल, काहीच कळायचं नाही. धाकटी एकदा रंगीत कपड्यांच्या दिवशी गणवेशात गेली. शेवटी एका आईनेच ग्रुपवर घेतलं. केंद्र सरकारी नोकरीतल्या बाबांनो, एकट्या पुरुष पालकालाही बालसंगोपन रजा आहे, संपूर्ण नोकरीत मिळून 730 दिवस. मी खासगीत, म्हणजे आजी झिंदाबाद.

ठाणेकरीण: ग्रुपचं अगदी खरं. ते म्यूट करायचीही सोय नाही.

रविवार रात्र: मुलगा बाबांकडून आला की आदळआपट. आई म्हणते, तिकडे कान भरतात. मला नाही वाटत; दोन घरं, दोन शिस्ती, पाच वर्षांचं पोर दमणारच. आल्याआल्या काही विचारत नाही. अंघोळ, वरणभात, झोप. सकाळी दात घासताना आपणहून सांगतो, बाबांकडे मासे आणलेत, एक मेला.

नवीन सभासद: मुलगी दोन वर्षांची. तिला काय सांगू?

धागाकर्ती: ‘बाबा दुसऱ्या घरी राहतात’, बस. ‘परदेशी गेलेत’ सांगू नका. आमच्याकडे एका मावशींनी सांगितलं, लेक विमान दिसलं की टाटा करायला लागली. ते निस्तरायला फार वेळ गेला. आणि कोथरूडकरांनो, रात्री 8 पर्यंत चालणारं पाळणाघर माहीत असेल तर कळवा ना, आमचं 7 ला कुलूप लावतं.